रस्त्यावरच्या राडारोड्याने गाडीचं नुकसान झालं? भरपाई कोणाकडे मागायची हे ठरवताना या चुका टाळा

तुर्भ्याला एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये क्लेमचं टेबल सांभाळून मला बारा वर्षं झाली. रोज कळव्याहून ठाणे-बेलापूर रोडने येते-जाते, त्यामुळे रस्त्यावर काय काय पडलेलं असतं ते येताना दिसतं आणि दिवसभर तेच टेबलावर येतं. डंपरमधून सांडलेली खडी, डिव्हायडरचे तुटलेले तुकडे, ट्रकच्या फाटलेल्या टायरचे पट्टे, कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडून येणाऱ्या ट्रेलरवरून निसटलेले लाकडी ठोकळे. समोर बसलेला माणूस पहिलं वाक्य तेच बोलतो, "मॅडम, चूक माझी नाहीये, मग पैसे मी का भरू?" बरोबर आहे त्याचं, पण चूक कोणाची हे ठरवायला जे लागतं ते पहिल्या अर्ध्या तासात जागेवर मिळतं, नंतर नाही, आणि त्या अर्ध्या तासातच लोक सगळं घालवून बसतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "रस्त्यावर काहीतरी होतं" एवढ्याने काही ठरत नाही. ती वस्तू तुमच्यासमोर चालत्या गाडीतून पडली, की आधीपासून रस्त्यात पडलेली होती, की पुढच्या गाडीच्या टायरखालून उडाली, या तीन गोष्टी तीन वेगळ्या आहेत. समोरच्या ट्रकमधून पडली तर जबाबदार ट्रकचा मालक आणि त्याची थर्ड पार्टी (दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी) विमा कंपनी. माल नीट न बांधणं, ताडपत्री न टाकणं हा सरळ निष्काळजीपणा आहे. आधीपासून पडलेली असेल तर रस्ता ज्याच्या ताब्यात तो, पण तिथे लगेच प्रश्न येतो की ती वस्तू किती वेळ पडून होती, त्यांना कळवलेलं होतं का, काढायला वेळ मिळाला होता का. पाच मिनिटांपूर्वी पडलेल्या दगडासाठी महापालिकेला जबाबदार धरणं जवळजवळ अशक्य. आणि टायरखालून खडा उडून काच तडकली तर बहुतेक वेळा कोणाचीच चूक धरता येत नाही, ती काच तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतून करा (क्लेम परवडतो का, तो हिशोब पुढे दिलाय). त्या ट्रकवाल्याच्या मागे लागून संध्याकाळ घालवू नका.

ठोकर लागल्यावर गाडी तशीच दामटणं

ही चूक मी इतक्या वेळा बघितली आहे की आता कोणी "मॅडम, आवाज आला होता पण गाडी चालत होती" म्हटलं की माझ्या पोटात खड्डा पडतो.

कोपरखैरण्याचे एक काका आहेत, रिटायर्ड, गाडी जिवापाड जपणारे. कल्याणला लग्नाला गेले होते, रात्री अकराच्या पुढे शिळफाट्याहून महापेकडे येत होते, काकू शेजारी. डिव्हायडरचा काँक्रीटचा तुकडा रस्त्यात पडला होता, समोरचा टेम्पो एकदम बाजूला झाला आणि तो तुकडा यांच्या गाडीखाली आला. धाडकन आवाज. काकांनी गाडी बाजूला घेतली, मोबाइलचा टॉर्च लावून पुढून बघितलं, बंपर ठीक, टायर ठीक, निघाले. दोन-अडीच किलोमीटरवर डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला. काकू म्हणाल्या, "अहो थांबा, काहीतरी लाल लागलंय", तर काका म्हणाले, "घर आलंच की आता, सकाळी बघू." घर यायच्या आधी इंजिन जाम झालं.

खाली ऑइलचं चेंबर फुटलं होतं. नुसतं चेंबर, गॅस्केट, नवीन ऑइल आणि मजुरी धरून तेव्हा अकरा हजारांत काम झालं असतं. इंजिनचं एस्टिमेट आलं १ लाख ४२ हजार. विमा कंपनीने चेंबरचे पैसे दिले आणि इंजिनचे नाकारले. काका माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "अहो, दगड रस्त्यात होता ना, मग इंजिन त्याच्यामुळेच गेलं ना?" मला फार वाईट वाटलं, पण उत्तर पॉलिसीतच छापलेलं असतं. अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली तर त्यामुळे वाढलेलं नुकसान पूर्णपणे मालकाच्या जोखमीवर. चेंबर फुटलं ते बाहेरच्या धडकेने, म्हणून ते मिळतं, इंजिन गेलं ते तेल नसताना चालवल्यामुळे. तो तुकडा तिथे कोणाच्या हलगर्जीपणाने आला हे उद्या सिद्ध झालं तरी त्या दोन-अडीच किलोमीटरचं उत्तर काकांनाच द्यावं लागणार.

तो लाल दिवा "ऑइल कमी आहे, सवडीने भरा" असं सांगत नाही. ऑइलचं प्रेशर गेलंय असं सांगतो, म्हणजे आतले बेअरिंग धातूवर धातू घासायला लागलेत, आणि मग प्रश्न मिनिटांचा असतो. इंजिन प्रोटेक्शनचा ॲड-ऑन (जादा प्रीमियम भरून घेतलेलं कव्हर) असेल तरी त्याच्या अटी वाचा, दिवा लागल्यावर चालवत राहिलेली गाडी तिथेही अडकू शकते.

माझी स्वतःची सवय सांगते. खालून आवाज आला की पहिली सुरक्षित जागा बघून गाडी घ्यायची, इंजिन बंद, हजार्ड चालू, पाच मिनिटं थांबायचं आणि मग गाडीखाली जमिनीवर बघायचं, बंपरकडे नाही. डिकीत मी जुनं वर्तमानपत्र ठेवते, ते इंजिनखाली सरकवते, दोन थेंब जरी पडले तरी टोइंग. एसीचं पाणीही टपकतं, पण ते कागदावर स्वच्छ दिसतं आणि तेल लगेच कळतं. टोइंगचे दोन-तीन हजार वाचवायला लोक घाई करतात, ती घाई मला आजपर्यंत कधी पटलेली नाही. फक्त खाडीपुलावर किंवा फ्लायओव्हरच्या मधोमध उतरून फोटो काढत बसू नका, जीव आधी, तिथे ११२ ला फोन करा.

जागेवरच मिटवून टाकणं

एक तरुण मुलगा, नवीन गाडी, चौथा महिना. कळंबोलीजवळ पुढच्या ट्रेलरवरून लाकडी ठोकळा निसटला, उसळून याच्या ग्रिलवर आदळला. पोराने हिमतीने ट्रेलर थांबवला, इथपर्यंत सगळं छान. मग ड्रायव्हर हात जोडायला लागला, मालक फोन उचलेना, मागे ट्रॅफिक वाढला, दोन माणसं मध्यस्थी करायला आली, आणि याने तीन हजार रुपये घेऊन कागदावर "आपसात मिटलं, काही तक्रार नाही" असं लिहून सही करून दिली. वर्कशॉपला बंपर उघडला तर आत रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर दोन्ही दबलेले, एस्टिमेट ५२ हजार.

आता ट्रकवाल्याकडे काय मागणार? कागद त्याच्या खिशात. स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम टाकला तर कंपनीने विचारलं की समोरच्याला तुम्ही मोकळं का केलंत, कारण तुम्हाला पैसे दिल्यावर ते ट्रकवाल्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडे येतो आणि तो याने आधीच सोडून दिला होता. दोन महिने पत्रापत्री, शेवटी क्लेम पास झाला पण प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा (वापराच्या झिजेची वजावट) कापून, कारण शोरूममध्ये प्रीमियम कमी करायला झिरो डेप (घसारा न कापणारं ॲड-ऑन) काढून टाकलेलं. ड्रायव्हरची दया येते हे मला समजतं, बहुतेक वेळा माल बांधलेला दुसऱ्यानेच असतो. पण बाहेरून दिसणाऱ्या नुकसानावर सही करायची नाही म्हणजे नाही. पुढच्या बंपरच्या मागे काय आहे ते बंपर उतरवल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.

त्याऐवजी करायचं काय, तर नंबर. ट्रेलरची मागची नंबर प्लेट चिखलाने भरलेली असते, म्हणून मी दिसेल तेवढा नंबर मोठ्याने बोलते, डॅशकॅमचा माईक चालू असतो, चित्र धूसर आलं तरी आवाज राहतो. सोबत दारावरचं ट्रान्सपोर्टचं नाव, मालाचा प्रकार. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला की विम्याची माहिती दिसते, आणि अपघातातल्या गाडीच्या मालकाची माहिती भरपाई मागणाऱ्याला देणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० प्रमाणे आरटीओचं आणि पोलीस ठाण्याचं काम आहे, उपकार नाही. ट्रकच्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं, मालकाने प्रीमियम वाचवायला ते सहा हजारांवर आणून ठेवलेलं नसेल तर. हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागतो, कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, आणि वेळ लागतो, हे खरंय. म्हणून बहुतेक लोक आधी स्वतःच्या पॉलिसीतून गाडी करून घेतात, मीही तेच सुचवते. त्याच नुकसानाचे पैसे दोन्हीकडून मात्र घेता येत नाहीत.

आता बाकीच्या चुका.

गाडी धुऊन आणू नका. सर्व्हेअर (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) ओरखड्यात अडकलेली काँक्रीटची पूड, डांबर, लाकडाचे धागे बघतो, वस्तू कोणती होती आणि कुठल्या बाजूने लागली ते त्यावरून कळतं. लोक लाज वाटते म्हणून धुतात आणि पुरावा गटारात जातो.

गोष्ट बदलू नका. "असं सांगा, पटकन पास होईल" म्हणणारा एखादा ओळखीचा एजंट प्रत्येकाला भेटतोच. पडलेला दगड लागला असेल तर पडलेला दगडच सांगा, अपघाताने बाहेरून लागलेला मार स्टँडर्ड पॉलिसीत बसतोच, खोटं बोलायची गरजच नसते. खालून घासलेल्या पत्र्याला "वरून दगड पडला" म्हणणाऱ्यांचे चांगले क्लेम बुडालेले मी बघितलेत. या एका शॉर्टकटचा मला मनापासून राग आहे.

डॅशकॅमची क्लिप लगेच लॉक करा, नाहीतर लूपमध्ये पुसली जाते. त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी.

दगड चुकवायला गाडी झटक्यात वळवली आणि शेजारच्या बाईकला लागलं, तर त्या बाईकवाल्यासाठी जबाबदार तुम्ही, दगड नाही. डंपरच्या मागे चिकटून चालवणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा. अंतर ठेवलं नसेल तर माल पडल्याच्या केसमध्येही समोरचा वकील पहिला तोच मुद्दा काढतो.

नुसता टायर फाटला तर स्टँडर्ड पॉलिसीत मिळत नाही. सोबत गाडीचंही नुकसान असेल तर टायरचे निम्मे.

काचेला बारीक टिपका पडला असेल तर तापलेल्या काचेवर एसी फुल मारू नका, टिपक्याची रेघ होते. काचेवर घसारा लागत नाही ही चांगली गोष्ट, पण लगेच क्लेमकडेही धावू नका, आधी हिशोब करा. समजा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचा) प्रीमियम १२ हजार आणि तुमचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, ५० टक्के. एक क्लेम केला की एनसीबी शून्य, मग पुढे २०, २५, ३५, ४५ करत परत ५० वर यायचं. पाच वर्षांत मिळून १५ हजारांच्या आसपास सूट जाते (प्रीमियम दरवर्षी थोडा उतरतो, म्हणून अंदाजे धरा). वर कंपल्सरी कपात (प्रत्येक क्लेममध्ये तुम्हीच भरायची रक्कम), १५०० सीसीपर्यंत १ हजार आणि त्यापुढे २ हजार. सात हजारांच्या काचेसाठी क्लेम करणाऱ्यांना मी स्वतः परत पाठवते, एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम केला तरी सूट टिकवणारा ॲड-ऑन) घेतलेला असेल तर गोष्ट वेगळी.

चुकीच्या ऑफिसात तक्रार ही आपल्याकडची खास अडचण, कारण एका तासाच्या प्रवासात रस्त्याचा मालक तीनदा बदलतो. ठाणे-बेलापूर रोड आणि पाम बीच नवी मुंबई महापालिकेकडे, सायन-पनवेल पीडब्ल्यूडीकडे (सार्वजनिक बांधकाम खातं), जेएनपीए बंदराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग एनएचएआयकडे (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण), तिथे हेल्पलाइन १०३३. मेट्रोचं किंवा पुलाचं काम चालू असेल तर बॅरिकेडवरचं नाव आणि कामाचा बोर्ड, दोन्हींचा फोटो घ्या, ठेकेदाराचं नाव त्यावरच असतं. आणि जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर, कारण "घोडबंदर रोडवर कुठेतरी" याच्यावर कोणी काही करत नाही.

रस्ता सांभाळणाऱ्यांकडून नुसत्या गाडीचे पैसे मिळतील का, हे लोक विचारतात तेव्हा मी खोटी आशा देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ मध्ये सदोष रस्त्यासाठी १ लाखापर्यंत दंड आहे, पण मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलसाठी भरपाई ठरवून दिली, मृत्यूसाठी ६ लाख, जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख, तीही माणसांसाठी. हिट अँड रनची सरकारी भरपाईही मृत्यू आणि गंभीर जखमेलाच. गाडीसाठी दिवाणी दावा हाच रस्ता, आणि तिथे तुमच्याआधी त्याच जागेची कोणी तक्रार केलेली असेल तर ती सोन्यासारखी, म्हणून माहिती अधिकारात त्या खांबाच्या आसपासच्या जुन्या तक्रारी मागवा.

महापालिकेवर दावा करायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांत लावावा लागतो, सरकारी खात्याला दोन महिन्यांची नोटीस. लोक पाचव्या महिन्याच्या शेवटी माझ्याकडे येतात, तेव्हा नोटिशीलाच वेळ उरलेला नसतो. अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या, आवक-जावकला दोन प्रती घेऊन जा, आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर तिन्ही पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.