51 टक्के नुसते कागदावर नकोत

अमेरिकेत धंदा सुरू करायचं मनात आलं की मंडळाच्या गणपतीत एक सल्ला हमखास मिळतो: "कंपनी बायकोच्या नावावर कर, 51 टक्के तिचे दाखव, महिलेच्या मालकीची कंपनी म्हणून सर्टिफिकेट काढ. मग कामं चालत येतात." न्यू जर्सीत इतकी वर्षं काढल्यावर सांगते, हा सल्ला ऐकू नका. सर्टिफिकेट चांगलं आहे, माझ्या कंपनीला त्याचा उपयोग झालाय. पण त्यातून काम मिळत नाही, काम देणाऱ्याच्या यादीत नाव जातं. मोठ्या सरकारी कंत्राटदारांना आपल्या कामातला काही भाग लहान आणि महिलांच्या कंपन्यांना देण्याची योजना लेखी द्यावी लागते. त्यासाठी ते अशी नावं शोधत असतात. केंद्र सरकारचं स्वतःचंही महिलांच्या लहान कंपन्यांना 5 टक्के कंत्राटं देण्याचं उद्दिष्ट आहे, पण राखीव कामं ठरावीक उद्योगांतच असतात. आपला धंदा त्यात बसतो का, ते आधी बघा.

आता त्या 51 टक्क्यांबद्दल. मालकी तिची असून भागत नाही, कारभारही तिचाच लागतो. सर्वोच्च पद तिचं हवं, रोजचे निर्णय तिचे हवेत, भांडवल कुठून आलं याचा पुरावा हवा. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याची आयटी स्टाफिंगची कंपनी होती. सर्टिफिकेटच्या मुलाखतीत तिला विचारलं, दर कोण ठरवतं, माणसं कोण निवडतं? प्रत्येक प्रश्नाला उत्तर नवऱ्याने दिलं. शिवाय कंपनीच्या कारभाराच्या करारात, म्हणजे ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये कलम होतं, की कुठलाही निर्णय दोघांच्या सह्यांशिवाय होणार नाही. म्हणजे 49 टक्केवाल्याच्या हाती नकाराधिकार. अर्ज फेटाळला गेला आणि सर्टिफिकेटच्या भरवशावर ठरलेलं काम गेलं. त्या कामासाठी घेतलेल्या ऑफिसचं भाडं मात्र चालूच राहिलं. ती बाई हुशार आहे, कंपनी तिला चालवता आली असती. तिला कुणी चालवू दिली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि खोटी माहिती देऊन केंद्र सरकारचं सर्टिफिकेट मिळवणं हा फेडरल गुन्हा आहे. नागरिक नसलेल्यांचं त्यात इमिग्रेशनही धोक्यात येतं. म्हणून पुन्हा सांगते: बायको खरोखर मालक असेल तरच तिचं नाव मालक म्हणून घाला.

व्हिसाचंही नीट समजून घ्या. एच-4 वर, म्हणजे एच-1बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, ईएडी (काम करण्याचा परवाना) असेल तर स्वतःची कंपनी काढून चालवता येते. पण केंद्र सरकारच्या महिला सर्टिफिकेटसाठी नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डसुद्धा चालत नाही. खासगी कंपन्या डब्ल्यूबेंक या महिलांच्या कंपन्या तपासणाऱ्या बिगरसरकारी संस्थेचं सर्टिफिकेट मानतात. ते आणि न्यूयॉर्क राज्याचं सर्टिफिकेट ग्रीन कार्डवर मिळू शकतं.

अल्पसंख्याकांच्या सर्टिफिकेटबद्दल आपले लोक नाक मुरडतात. "आपण कुठे मागास?" असं शिकलेली माणसं म्हणतात. त्यांना हे माहीत हवं, की 1982 साली भारतीय वंशाच्या लोकांनी अर्ज केला म्हणून एसबीएने, म्हणजे केंद्र सरकारच्या लहान उद्योगांच्या खात्याने, त्यांना सामाजिकदृष्ट्या वंचित गटांच्या यादीत घेतलं. आणि ती यादी मुळात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यातून आली. तिचा फायदा घेताना त्या लोकांबद्दल वाईट बोलणारे मी मंडळात पाहिलेत. ते मला सहन होत नाही.

शिवाय हा रस्ता आता पूर्वीइतका सोपा नाही. 2023 च्या जुलैमध्ये टेनेसीतल्या कोर्टाच्या निकालानंतर वंचित गटांतल्या मालकांच्या लहान कंपन्यांना कंत्राटं देणाऱ्या एसबीएच्या 8(ए) कार्यक्रमात नुसत्या वंशावरून पात्रता धरणं थांबलं. आपल्याला प्रत्यक्ष काय अडचणी आल्या, ते लिहून सिद्ध करावं लागतं. 2025 च्या ऑक्टोबरपासून रस्ते-वाहतुकीच्या कामांत अशाच कंपन्यांसाठी असलेल्या डीबीई कार्यक्रमातही वंशामुळे किंवा स्त्री असल्यामुळे पात्रता आपोआप धरली जात नाही. खासगी कंपन्यांतही काहींनी हे कार्यक्रम आवरते घेतले. त्यामुळे पैसे भरण्याआधी आपल्या ग्राहकाच्या खरेदी विभागाला सरळ विचारा: हे सर्टिफिकेट तुम्ही आज मानता का?

सॅम डॉट गव्ह या सरकारी कंत्राटांच्या साइटवरची नोंदणी मोफत आहे. नोंदणी केल्यावर "नूतनीकरणाचे पैसे भरा" अशी सरकारी वाटणारी पत्रं येतील, ती फेकून द्या. एसबीएकडे महिला सर्टिफिकेटचा अर्ज करायलाही शुल्क नाही.

धंद्याचं बँक खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. बायकोने घातलेले पैसे तिच्या खात्यातूनच गेलेले दिसू देत. ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट नेटवरून उतरवू नका, वकिलाकडून करून घ्या. बाकी फॉर्म भरायला सरकारी कंत्राटांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या केंद्राची, म्हणजे एपेक्स अ‍ॅक्सिलरेटरची मोफत मदत मिळते. तिथे जाताना कंपनीची कागदपत्रं आणि टॅक्स रिटर्न बरोबर न्या, आणि मालकीण स्वतः जाऊ दे.