एफडीएत रिव्ह्यूअर म्हणून रुजू होताय? आधी पत्र लिहायला शिका

अमेरिकेच्या एफडीएत, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेत, कंपन्यांचे अर्ज तपासणारे रिव्ह्यूअर असतात. तिथल्या उपकरणांच्या विभागात येणाऱ्या नव्या मंडळींच्या पत्रांचे मसुदे मी वाचतो. विषय पक्का असतो, पण सवय शोधनिबंधाची: पार्श्वभूमी, पद्धत आणि शेवटी निष्कर्ष. इथे निर्णय पहिल्याच परिच्छेदात हवा, कारणं मागून.

प्रशिक्षणात २०१० च्या प्लेन रायटिंग कायद्याची, म्हणजे सरकारी लेखन सोपं हवं असं सांगणाऱ्या कायद्याची, ओळख होते. खरा कस मात्र डेफिशियन्सी, म्हणजे अर्जातली उणीव कंपनीला कळवणारा पत्रातला मुद्दा, लिहिताना लागतो. तिचे चार भाग, त्याला इथे 'फोर-पार्ट हार्मनी' म्हणतात: अर्जदाराने काय दिलं, त्यात काय कमी आहे, त्यामुळे निर्णय का अडतो, आणि काय दिलं म्हणजे भागेल.

नवखा लिहितो, 'शेल्फ लाइफची माहिती अपुरी आहे. अधिक माहिती सादर करावी.' पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या रेग्युलेटरी विभागाने यातून काय समजायचं? चाचणी पुन्हा करायची, की नुसता खुलासा पुरे? ५१०(के) अर्ज, म्हणजे नवं उपकरण बाजारातल्या आधीच्या उपकरणाच्या तोडीचं आहे हे दाखवणारा अर्ज, माहितीसाठी थांबवला (होल्डवर गेला) की उत्तराला १८० दिवस मिळतात, आणि चुकीच्या चाचणीत तेच संपतात. त्यापेक्षा असं लिहा: 'परिशिष्ट ७ मध्ये आपण सील-ताकदीचा अहवाल दिला आहे. ती चाचणी जुन्या पाऊचवर झाली. अर्जातला पाऊच वेगळ्या फिल्मचा आहे. सील सुटलं तर कॅथेटर निर्जंतुक राहत नाही, म्हणून मुदतीचा दावा आम्हाला तपासता येत नाही. नव्या पाऊचवरची चाचणी द्या, किंवा जुने निकाल त्याला का लागू पडतात ते सांगा.'

यातला तिसरा भाग सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सगळं शिक्षण त्यातच आहे. निर्णय का अडतो हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर तो प्रश्न पत्रातून काढून टाका. नुसत्या कुतूहलापोटी विचारलेल्या प्रश्नाचा खर्च कंपनीला पडतो, आणि उपकरणाची वाट पाहणारा रुग्ण ताटकळतो. निर्णयाला लागेल तेवढंच मागा, हे १९९७ पासून कायद्यातच आहे.

'मस्ट' फक्त कायदा किंवा नियम सांगत असेल तिथेच. गाइडन्स, म्हणजे एफडीएच्या मार्गदर्शक सूचना, बंधनकारक नसतं, तिथे 'शुड'.

तांत्रिक शब्द मात्र सोपे करत बसू नका. वाचणारा त्याच क्षेत्रातला आहे, 'बायोकम्पॅटिबिलिटी' त्याला कळते. फक्त एका वस्तूला एकच नाव ठेवा.

पत्र जाण्याआधी मसुदा दुसऱ्या विषयाच्या सहकाऱ्याला द्या आणि विचारा, 'कंपनीने नेमकं काय पाठवायचं?' त्याचं उत्तर तुमच्या मनातल्या उत्तराशी जुळेपर्यंत चौथा भाग पुन्हा लिहा.