जांघेत, काखेत, मानेत गाठ लागली तर आधी काय पाहावं

माझा भाचा इथे इंदूरला खजरान्याच्या गणपतीला अनवाणी चालत गेला. तिसऱ्या दिवशी जांघेत बोराएवढी दुखरी गाठ! सगळे घाबरले. आईने गाठीला हातही न लावता त्याचा तळपाय उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या बेचक्यात फोड फुटून पिकला होता. "अवधाण आलंय," ती म्हणाली, म्हणजे जखमेमुळे गाठ सुजली आहे. तपासायची खरी रीत हीच: गाठीपासून मागे मागे जायचं.

कारण अशी गाठ म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी, आणि लसिकाग्रंथी म्हणजे लसिका (अंगातल्या पेशींभोवतून गोळा होणारा पातळ द्रव) गाळणारी चाळणी. राजम्याच्या दाण्यासारख्या अशा शेकडो ग्रंथी अंगात असतात. फुगीर बाजूने अनेक बारीक वाहिन्या लसिका आत आणतात, खोलगट बाजूने एखाद-दोनच बाहेर नेतात. त्यामुळे लसिका आत रेंगाळते आणि तेवढ्यात तिथल्या पेशी जंतूंना ओळखतात, गिळतात. मग बाहेरच्या थरातल्या बी पेशी आणि त्याखालच्या टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, भराभर वाढतात. गाठ फुगते ती बहुधा यानेच.

बोटांची टोकं रुतवू नका. पेरांच्या मऊ बाजूने हलकं गोल फिरवत चाचपा. मान पाहताना ती त्याच बाजूला किंचित झुकवा, स्नायू सैल पडतो. दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. मग उगम शोधा. जबड्याखाली गाठ असेल तर दात, हिरड्या, घसा. कानामागे असेल तर डोक्याची त्वचा, मुलांच्या उवासुद्धा. काखेत असेल तर हात आणि स्तन. जांघेत असेल तर पाय. तारीख नि आकार लिहून ठेवा आणि कृपा करून गाठ चोळत बसू नका.

गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर गाठ लागली तर ती कितीही लहान असो, डॉक्टरांना दाखवाच. दगडासारखी टणक, न हलणारी, वाढत जाणारी किंवा दोन-तीन आठवड्यांत न उतरणारी गाठही दाखवा. सोबत ताप, रात्री घाम, वजन घटणं असेल तर लगेच. आपल्याकडे मानेतल्या अशा गाठी पुष्कळदा क्षयाच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या गंडमाळा निघतात. बारीक सुईने नमुना घेऊन तपासता येतं, आणि क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. दुकानातून मनाने अँटिबायोटिक आणून खाऊ नका.

जखमेपासून लाल रेघ वर चढत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. भाच्याला तशी नव्हती. त्याचा फोड चार दिवसांत सुकला, गाठ विरायला मात्र पंधरा दिवस लागले.