सकाळी वाचलेले वचन दिवसभर सोबत कसे न्यावे

सकाळी पवित्र शास्त्राचा अध्याय वाचून होतो, प्रार्थनाही होते, आणि दुपारपर्यंत आपण काय वाचले होते हेच आठवत नाही, असा अनुभव अनेक विश्वासणाऱ्यांना येतो. त्यातले बरेच जण आपला विश्वासच कमी पडतो असे समजून खंतावतात. माझ्या मते अडचण बहुधा वाचण्याच्या पद्धतीत असते. आपण वाचन नेम म्हणून उरकतो आणि वचनाला दिवसातल्या एखाद्या नेमक्या कामापर्यंत, नेमक्या माणसापर्यंत पोहोचूच देत नाही.

म्हणून सर्वप्रथम वाचनाचे प्रमाण कमी करावे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे मार्काने सांगितलेली येशूची कथा, घ्यावे. ते 16 अध्यायांचे असून चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान आहे. एका दिवशी एकच प्रसंग वाचावा, तो दोनदा वाचावा, आणि शक्य असल्यास दुसऱ्यांदा मोठ्याने वाचावा. अध्याय संपला की थांबायचे, हा हिशेब सोडून द्यावा. अध्यायांचे आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांचे नाहीत. अध्यायांची प्रचलित विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक 1551 सालच्या छापील आवृत्तीपासून आले आहेत. विचार जिथे पुरा होतो, तिथे थांबावे.

दुसरी गोष्ट म्हणजे वचन कोणाला, कोणत्या परिस्थितीत सांगितले गेले, हे पाहिल्याशिवाय ते स्वतःला लावू नये. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील 29व्या अध्यायाचे 11वे वचन, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत असे सांगणारे, कित्येकांना तोंडपाठ असते आणि परीक्षेच्या किंवा नोकरीच्या वेळी ते हटकून आठवते. हे वचन एका पत्रात आले आहे, आणि ते पत्र यरुशलेमेहून बाबेलमध्ये बंदिवान करून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. त्याच्या आधीच्याच वचनात 70 वर्षांचा उल्लेख आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी अनेक जण मायदेशी परतण्याआधीच मरण पावणार होते. मग तोपर्यंत त्यांनी काय करायचे? घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे पत्र सांगते. मला या अध्यायाचे खरे सांत्वन तिथे सापडते. देवाची योजना पूर्ण होण्याची वाट पाहणे म्हणजे हातातले काम थांबवणे नव्हे, हे एकदा उमगले की नकोशा वाटणाऱ्या जागी पार पाडलेले साधे कर्तव्यही आज्ञापालन ठरते.

आता एक उतारा अगदी जवळून पाहू. मत्तयाच्या 5व्या अध्यायात, 23 आणि 24 या वचनांत, प्रभू येशू म्हणतो की तू वेदीजवळ दान आणलेस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तिथे तुला आठवले, तर दान वेदीसमोरच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. हे वचन मी कित्येक वर्षे वाचत होतो आणि ‘माझ्या मनात कोणाविषयी काही नाही’ असे म्हणून समाधानाने पुढे जात होतो. पण वचन माझ्या मनातल्या रागाविषयी बोलतच नाही. दुसऱ्याच्या मनात माझ्याविषयी काय आहे, हे ते विचारते. शिवाय हे शब्द उत्तरेकडच्या गालील प्रांतात उच्चारले गेले आणि वेदी होती यरुशलेमेच्या मंदिरात. गालीलातल्या कफर्णहूम गावाहून यरुशलेम सरळ रेषेत मोजले तरी सुमारे 120 किलोमीटर दूर. म्हणजे ऐकणाऱ्या गालीलकरासाठी परत जाऊन पुन्हा येणे ही कित्येक दिवसांची पायपीट होती.

ज्या सकाळी हे लक्षात आले, त्या सकाळी मी वहीत एकच वाक्य लिहिले: ‘आज संध्याकाळच्या आत थोरल्या बहिणीला फोन.’ वडिलांच्या आजारपणात सगळा भार तिच्यावर पडला होता आणि त्याविषयी मी कधी एक शब्दही काढला नव्हता. फोन हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. शेवटी बोललो तेव्हा ती काही क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, “इतक्या वर्षांनी आठवलं तुला.” त्या शांततेत मला या वचनाचा जो अर्थ कळला, तो शास्त्राचे विवरण करणाऱ्या कोणत्याही ग्रंथातून कळला नसता. (समेट म्हणजे अत्याचार करणाऱ्याच्या हाती स्वतःला पुन्हा सोपवणे नव्हे, हेही इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. जिवाला धोका असेल तिथे आधी सुरक्षित जागा गाठावी आणि जाणत्या माणसाची मदत घ्यावी.)

तेव्हा वाचन झाल्यावर एक वाक्य लिहावे, आणि त्यात माणूस, काम आणि वेळ या तिन्ही गोष्टी असाव्यात. ‘मी अधिक प्रेमळ होईन’ असे लिहिलेले दुपारपर्यंत विरून जाते.

मन कोरडे पडले असेल किंवा दुःखाने भरले असेल, तर बळेच आनंदाची वचने शोधू नयेत. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत. 13वे स्तोत्र ‘कोठवर’ हा प्रश्न देवाला पुन्हा पुन्हा विचारते आणि 88वे तर अंधारातच संपते. अशा दिवशी त्यांचेच शब्द आपली प्रार्थना म्हणून उच्चारावेत. तक्रार देवापुढे मांडणे हाही विश्वासच आहे.

वाचताना जे समजत नाही, ते आपल्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) कोणापुढे तरी ठेवावे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात कूश देशाचा एक अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत असतो. वाचता ते समजते काय, असे येशूचा शुभसंदेश सांगणारा फिलिप्प विचारतो, तेव्हा कोणी मार्ग दाखवल्याशिवाय कसे समजेल, असे तो अधिकारी मोकळेपणाने म्हणतो आणि फिलिप्पाला शेजारी बसवून घेतो. एकट्याने वाचणारा माणूस नकळत आपल्याला सोयीचा अर्थ काढतो. शेजारचा माणूस तो अर्थ पारखून घेतो.

रात्री झोपण्यापूर्वी वही पुन्हा उघडावी. सोळाव्या शतकात येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांना दिवसाचे असे परीक्षण शिकवले होते: आधी मिळालेल्या कृपेबद्दल उपकार मानायचे, मग दिवस तासातासाने डोळ्यांपुढून न्यायचा, चुकले असेल तिथे क्षमा मागायची. याला दहा मिनिटे पुरतात. सकाळचे वाक्य पाळले गेले असेल तर त्यापुढे तारीख घालावी. पाळले गेले नसेल तर दुसऱ्या दिवशी नवा उतारा घेऊ नये. तोच उतारा पुन्हा वाचावा आणि तेच वाक्य नव्या वेळेसह पुन्हा लिहावे.