लॅपटॉप घ्यायला जाताना खिशात पेन ड्राइव्ह ठेवा

प्रोग्रामिंगसाठी लॅपटॉप बघताना बहुतेक जण प्रोसेसरच्या नावावरच अडकतात. मी आधी रॅम बघायला सांगेन. ब्राउझर, कोड एडिटर आणि दोन-तीन डॉकर कंटेनर (प्रोग्राम वेगवेगळे बंदिस्त चालवायची सोय) एकदम चालू केले की ८ जीबी पुरत नाही, १६ घ्या. दुकानदाराला सरळ विचारा, "रॅम नंतर वाढवता येईल ना?" बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, म्हणजे पुढे काहीच करता येत नाही.

विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरायची असेल तर घरूनच १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून न्या. जुना लॅपटॉप घेताना तर नक्कीच. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघा, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय जोडा, एखादा व्हिडिओ लावून आवाज ऐका. मग झाकण मिटा, मिनिटभर थांबा, उघडा. स्क्रीन काळीच राहिली तर तो लॅपटॉप सोडून द्या. हा त्रास पुढे रोजचा होतो, आणि मी तो दोन वर्षं काढलाय.

सॉलिडवर्क्ससारखं फक्त विंडोजवर चालणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर लागत असेल तर विंडोजच घ्या. डब्ल्यूएसएल या विंडोजमध्येच लिनक्स चालवायच्या सोयीमुळे लिनक्सची टर्मिनलवरची बहुतेक कामं त्यातच होतात. आयफोनची अ‍ॅप बनवायची असतील तर मॅक लागतोच, कारण ती बनवायचं अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर, एक्सकोड, दुसरीकडे चालत नाही.