कॅम हातानं सरकत नाही? मग हातोडी खाली ठेवा: इंजिन बांधताना या चुका टाळा

ऊसाचा सीझन चालू व्हायच्या आधीचे दोन महिने आमच्या सांगलीत कुठल्याही गॅरेजात जाऊन बघा, ट्रॅक्टरची इंजिनं उघडून पडलेली असतात आणि प्रत्येकाला गाडी दसऱ्याच्या आत पाहिजे असते. या गडबडीत दुसऱ्यानं बांधलेली आणि महिन्याभरात परत उघडायची वेळ आलेली इंजिनं पण माझ्याकडं येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं कॅमशाफ्टपाशीच, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापाशीच असतं. क्रँकचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचा मान मोठा, त्याचं सगळं मायक्रोमीटर लावून मोजतात, आणि कॅम मात्र "ढकल आत, बसतोय" एवढ्यावर जातो.

तर पहिली गोष्ट बुशची, म्हणजे कॅम ज्यांत फिरतो त्या कड्यांची. ही चूक माझ्याच गॅरेजात झालीय म्हणून जरा लांबड लावतो. तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, पलूस साइडचा, मालक रोज संध्याकाळी येऊन बाकड्यावर बसायचा. कॅमचे बुश नवीन घातले, घालणारा पोरगा हुशार पण घाईचा, आणि मी त्या दिवशी लेथवाल्याकडं कुपवाडला गेलेलो, आल्यावर बघितलं नाही. इंजिन चालू झालं, ऑइल प्रेशर एक नंबर. दुसऱ्या दिवशी टॅपेटचा (कॅमवर टेकून वर-खाली होणारा भाग) टकटक आवाज. टॅपेट सेट केले, आवाज गेला, दोन तासांनी परत आला. परत सेट केले. शेवटी वरचं कव्हर काढून इंजिन चालू केलं तर रॉकर (व्हॉल्व्हला दाबणारे वरचे हात) कोरडे ठणठणीत, ऑइलचा थेंब नाही.

त्या इंजिनात रॉकरला वर जाणारं ऑइल कॅमच्या एका जर्नलमधून (बुशमध्ये फिरणारा त्याचा गोल भाग) जातं, बऱ्याच पुशरॉडच्या (खालच्या कॅमपासून वर रॉकरपर्यंत जाणारी दांडी) इंजिनांत असंच असतं. बुश दाबताना जरासा फिरला होता, त्याचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर अर्धंच आलं होतं. प्रेशरचा काटा मेन गॅलरीचं (ब्लॉकमधली ऑइलची मुख्य वाट) प्रेशर दाखवतो, तो काय रॉकरपर्यंत जाऊन बघून येत नाही. खोललं तर बुश जळून काळानिळा, त्याचा चुरा संपमध्ये (खालचं ऑइलचं भांडं) आणि तिथून क्रँकच्या बेअरिंगला ओरखडे. सगळं काम परत, माझ्या पैशानं, आणि मालकाचं तोंड बघायची सोय राहिली नाही.

तेव्हापासून माझी सवय एकच: बुश बसला की सायकलची तार घ्यायची आणि प्रत्येक भोकातून आरपार घालून बघायची. मग कॅननं गॅलरीत ऑइल सोडायचं, प्रत्येक बुशमधून ते पाझरताना डोळ्यांनी दिसलं तरच कॅमला हात लावायचा. पाच मिनिटं लागतात. पोरं हसतात, हसू देत.

दुसरी चूक हातोडीची. कॅम दोन बुश पार करून अडकला की लगेच लाकडाचा ठोकळा लावून ठोकायला सुरू. अरे बाबा, तो कशासाठी अडकलाय ते तरी बघ! बुश दाबताना त्याच्या कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा आलाय का, दाबल्यामुळं आतला बोअर आवळलाय का (काही बुश तयार मापाचे येतात, काहींचं भोक बसवल्यावर रीमर मारून मापाला आणावंच लागतं, बॉक्स उघडताना विचारून घ्यायचं), का बुश पुढचा मागं आणि मागचा पुढं गेलाय? बऱ्याच ब्लॉकमध्ये जर्नल पुढून मागं बारीक होत जातात, म्हणजे बुशची जागा ठरलेली असते. आणि हे सगळं ठीक असेल तर कॅमच वाकलाय का, ते व्ही-ब्लॉकवर डायल लावून कळतं. मी जर्नलला निळी शाई लावतो, कॅम हलकेच आत घालून फिरवतो आणि बाहेर काढतो, बुशवर जिथं शाई लागली तिथंच तो धरतोय, तेवढंच स्क्रेपरनं काढायचं. कॅमच्या तोंडाला एक लांब बोल्ट लावला की धरायला दांडी मिळते, नाहीतर लोबच्या, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांच्या कडा नव्या बुशला ओरखडत जातात. नीट बसलेला कॅम दोन बोटांनी फिरतो. रेंच लावून फिरवावा लागत असेल तर तो बसलेला नाही.

मशरूम टॅपेट (खालचं टोक छत्रीसारखं रुंद) असतील तर ते कॅमच्या आधी घालायचे, ब्लॉक उलटा ठेवून. कॅम, गिअर, कव्हर सगळं लागल्यावर टेबलावर आठ टॅपेट दिसले की माणसाचा चेहरा कसा होतो ते मी तीनदा बघितलंय.

नवा कॅम आणि जुने टॅपेट, ही काटकसर करू नका. टॅपेट ज्या लोबवर घासला त्याच्यासारखा झालेला असतो, नव्या लोबवर तो नीट फिरत नाही आणि लोब खाऊन टाकतो. चालू करताना पण लोबला असेंब्ली ल्यूब किंवा निदान घट्ट ऑइल चोळा, कोरडा कॅम पहिल्या मिनिटातच मार खातो.

टायमिंगच्या खुणांबद्दल, म्हणजे गिअर बसवताना एकमेकांसमोर आणायच्या खुणांबद्दल फोन रोज येतात. "दादा, खुणा जुळवल्या, क्रँक दोन राउंड फिरवला, आता जुळत नाहीत, चुकलं का?" मध्ये आयडलर गिअर (क्रँक आणि कॅमच्या गिअरला जोडणारा मधला) असेल तर काही चुकलेलं नाही. क्रँकच्या दोन राउंडला कॅमचा एक होतो, पण आयडलरचे दात वेगळे, त्याची खूण परत त्याच जागी यायला बरेच राउंड जातात. खुणा बसवतानाच्या असतात, नंतर बघायच्या नसतात. भीतीनं गिअर काढून एक दात सरकवणारे महाभाग आहेत, मग पिस्टन व्हॉल्व्हला भेटतो.

बाइकवाल्यांनो, वरच्या कॅमला धरून ठेवणाऱ्या कॅपवर नंबर आणि बाण असतात, ते शोभेला नाहीत. कॅप एका बाजूनं पूर्ण आवळत गेलात की ओतीव कॅम मध्येच तुटतो. थोडं थोडं, आळीपाळीनं.

थ्रस्ट प्लेटचा (कॅमला पुढं-मागं सरकू न देणारी) प्ले, म्हणजे मोकळी फट, फिलर गेजच्या पातळ पट्ट्या घालून बघा, अंदाजानं नाही, माप मॅन्युअलमध्ये असतं.

आणि ब्लॉकच्या मागं कॅमच्या भोकावर बसते ती पत्र्याची टोपी. जास्त आत ठोकली तर कॅमला मागून दाबते, तिरकी बसली तर ऑइल झिरपत थेट क्लचवर. तासगावकडचा एक जण क्लच घसरतोय म्हणून प्लेट दोनदा बदलून माझ्याकडं आला होता, आणि गिअरबॉक्स सोडवल्यावर टोपीच्या कडेनं ऑइल निवांत टपकत होतं.