सामायिक अंगणाची घरे: सर्वांत कमी कमाईपासून हिशेब मांडा

बेळगावातल्या वडगाव-खासबागचे विणकर, उद्यमबागेतले फौंड्री कामगार, निपाणीतल्या विडी कामगार बायका. अशी सहा-आठ कुटुंबे मिळून जागा घ्यायची ठरवतात आणि पहिल्याच बैठकीत 'सगळ्यांचा वाटा सारखा' म्हणून मोकळी होतात. ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, ते कुटुंब तिथेच गळते. म्हणून सरासरी काढू नका, सर्वांत कमी कमाईच्या घरापासून उलटे मोजत या.

महिन्याला 18,000 मिळत असतील तर घरावर 6,000 च्या वर जाऊ देऊ नका. त्यातले 500 देखभालीला. 9 टक्के व्याज आणि 20 वर्षे मुदत धरली तर लाखामागे हप्ता साधारण 900 पडतो, म्हणजे 5,500 मध्ये सहा लाखांचे कर्ज झेपते. बँकेने किमतीच्या 80 टक्के दिले तर घर साडेसात लाखांचे आणि पदरचे दीड लाख. एवढ्यात जितके चौरस फूट बसतील, तेवढे त्यांचे घर. कमाई जास्त असलेल्यांनी मोठे घ्यावे आणि खर्च चौरस फुटावर वाटावा. अंगण, बोअर, जिना यांवर मात्र सगळ्यांचा हक्क सारखा.

दीड लाखांवर गोष्ट थांबत नाही. कर्नाटकात प्लॉटच्या खरेदीवर मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावर सेस व अधिभार, आणि नोंदणी शुल्क 2 टक्के (31 ऑगस्ट 2025 पूर्वी ते 1 होते). एकूण साडेसात टक्क्यांहून थोडे जास्तच. ही रोकड आधी जमवावी लागते. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मधले व्याज अनुदान जास्तीत जास्त 1.80 लाख असते, पण ते पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात पडते. त्याला पदरची रक्कम समजून इसार दिलात तर खरेदीच्या दिवशी अडकाल.

पगारपत्रक नसणे हा खरा अडसर. मजुरी रोखीत आली आणि बचत भिशीत गेली की बँकेला काहीच दिसत नाही. अर्जाआधी किमान वर्षभर मजुरी खात्यात घ्या, भिशीऐवजी आवर्ती ठेव ठेवा, कर भरावा लागत नसला तरी दोन वर्षांचे आयकर विवरण भरा. मागमालकांनी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवावी.

शेतजमिनीतला गुंठ्यावरचा प्लॉट स्वस्त दिसतो, पण एनए (बिगरशेती परवानगी) नसेल तर बांधकाम परवानाही नाही आणि कर्जही नाही. शहराकडेच्या गावांत ई-स्वत्तूचा (ग्रामपंचायतीच्या मालमत्तांची ऑनलाइन नोंद) फॉर्म 9 आणि 11-ए मागा. हाती 11-बी (अनधिकृत मालमत्तेचा फॉर्म) पडला तर इसार देऊ नका. बोजा दाखला (जमिनीवर कर्ज वा गहाण आहे का ते दाखवणारा) नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून स्वतः काढा. कागद कन्नडमध्ये असतात. सही करण्याआधी कन्नड जाणणाऱ्या, व्यवहारात हितसंबंध नसलेल्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या.

सगळ्यांच्या नावे एकत्र जमीन असली की एकेकट्याला कर्ज द्यायला बँका कचरतात, कारण गहाण ठेवायला वेगळा हिस्सा नसतो. म्हणून आराखड्यात घरे वेगवेगळी दाखवा, कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायदा, 1972 नुसार घोषणापत्र नोंदवा आणि जागेचा इसार देण्याआधी बँकेच्या शाखेकडे लेखी विचारणा करा.

करारात दोन कलमे हवीतच. एक, सर्वांत लहान घराच्या तीन हप्त्यांएवढा राखीव निधी. आमच्या उदाहरणात 16,500. माग बंद पडला तर यातून हप्ता जाईल, आणि परतफेड बिनव्याजी. दुसरे, कुणी सोडून गेल्यास घर आधी उरलेल्यांना, त्यांनी न घेतल्यास त्याच उत्पन्नगटातल्या कुटुंबाला, आणि किंमत ठरवण्याची रीत आधीच लिहिलेली. हे लिहिले नाही तर पहिलीच विक्री बाजारभावाने होते आणि पुढचे विणकर कुटुंब आत येऊ शकत नाही.